'वेबसाइटवर अर्ज करा' म्हणजे नकार नव्हे

मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. गेल्या वर्षी ती विद्यापीठाच्या करिअर फेअरला, म्हणजे कंपन्या टेबलं मांडून विद्यार्थ्यांना भेटतात त्या मेळाव्याला, गेली होती. हॉलमधली गर्दी पाहूनच तिला दडपण आलं. मोठ्या नावाच्या दोन कंपन्यांसमोर ती बराच वेळ रांगेत उभी राहिली, नंबर आल्यावर रिझ्युमे पुढे केला आणि दोन्हीकडे एकच उत्तर ऐकलं: 'आमच्या वेबसाइटवर अर्ज करा.' यंदाचा फेअर तीन आठवड्यांवर आला आहे. ती लिहिते, 'ताई, शेवटी ऑनलाइनच अर्ज करायचा असेल तर तिथे जायचं कशाला? हे सगळं बोलघेवड्या मुलांसाठी असतं. मला स्वतःला विकता येत नाही. सीजीपीए बेताचा आहे, एक विषय राहिला होता तो नंतर सुटला. सांगण्यासारखा प्रोजेक्ट एकच, दोन चाकांवर तोल सांभाळणारा रोबो, आणि तोही नीट उभा राहिला नाही. तो रिझ्युमेत ठेवू की काढून टाकू? ग्रुपमधल्या सगळ्यांना इंटर्नशिप मिळाल्या आहेत. मी फेअरला जाऊ की घरी बसून अर्ज भरत राहू?'

तू बरंच काही विचारलं आहेस, पण तुझ्या निराशेचा मोठा भाग त्या एका वाक्यावर उभा आहे असं मला वाटतं. 'वेबसाइटवर अर्ज करा' हा तुला नकार वाटला. मी काही वर्षं अशाच टेबलांच्या पलीकडे उभी राहिले आहे आणि हे वाक्य दिवसभर सगळ्यांना म्हटलं आहे. ज्यांना आम्ही पुढे मुलाखतीला बोलावलं, त्यांनाही. बहुतेक कंपन्यांत आता सगळे अर्ज एकाच संगणक प्रणालीतून जातात. तिथे नाव नसेल तर मुलाखतीची वेळ ठरत नाही, ऑफर लेटर निघत नाही. टेबलामागच्या माणसाला तुला जागच्या जागी नोकरी देण्याचा अधिकार नसतो. तो रिझ्युमेच्या कोपऱ्यात खूण करू शकतो, तुझं नाव आपल्या वहीत टिपू शकतो आणि परत गेल्यावर 'या मुलीचा अर्ज आलाय का बघ' असं कुणाला तरी सांगू शकतो. ऐकायला हे किरकोळ वाटेल. पण शेकडो अर्जांच्या ढिगातून एक अर्ज कुणीतरी मुद्दाम शोधून उघडणं ही किरकोळ गोष्ट नाही.

म्हणून तुझा प्रश्न मी उलटा करून बघते. अर्ज ऑनलाइन भरायचा आहे, म्हणूनच आधी जाऊन यायचं. वेबसाइटवर एकाच कंपनीच्या दहा जागा दिसतात आणि दहाही जागांचं वर्णन एका साच्यातून काढल्यासारखं असतं. त्यातली कोणती खरोखर नवशिक्यासाठी आहे, कोणत्या टीमला मेकॅनिकलचं माणूस हवं आहे, कोणती जागा जवळपास भरल्यातच जमा आहे, हे तिथे लिहिलेलं नसतं. टेबलावरच्या माणसाला त्यातलं बरंच माहीत असतं आणि विचारलं तर तो सांगतो. गेल्या वर्षी ते वाक्य ऐकून तू मागे फिरलीस, आणि तिथेच घोडं अडलं. त्यानंतर विचारायचं होतं: 'यातल्या कोणत्या जागेसाठी भरू? मुदत कधीपर्यंत आहे? आपलं बोलणं झालं असं अर्जात लिहिलं तर चालेल का?' जेमतेम अर्ध्या मिनिटाचं काम आहे. समोरचा 'हो, माझं नाव लिहा' म्हणाला, तर रांगेत उभं राहिल्याचं चीज झालं. 'तशी गरज नाही' म्हणाला, तरी कोणत्या जागेसाठी भरायचं ते कळलं.

आता बोलघेवड्या मुलांकडे येऊ. तुझ्या मनातलं चित्र मला दिसतं: कोट घातलेला कुणीतरी मुलगा हसत पुढे येतो, हात मिळवतो, तीस सेकंदांत स्वतःची महती गातो आणि समोरचा भारावून जातो. प्रत्यक्षात तसं फारसं होत नाही. टेबलामागे साधारण दोन प्रकारची माणसं असतात. एक एचआरची. त्यांचं काम माहिती देणं, नावं गोळा करणं, अटी सांगणं. दुसरी इंजिनिअर मंडळी. ती बहुधा दोन-चार वर्षांपूर्वी पास झालेली असतात आणि पुष्कळदा तुझ्याच विद्यापीठातली, कारण कंपन्या जाणूनबुजून जुन्या विद्यार्थ्यांना पाठवतात. या दुसऱ्या मंडळींनी सकाळपासून 'मी एक मेहनती, टीममध्ये काम करणारी, नवं शिकायला उत्सुक व्यक्ती आहे' हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की दुपारपर्यंत कान किटतात. ती पोपटपंची कुणाच्या लक्षात राहत नाही. पाठ केलेलं भाषण मध्येच तोडून मी एखादा साधा प्रश्न विचारला की गांगरणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. उलट अडखळत का होईना, पण स्वतः केलेल्या कामाबद्दल बोलणारी मुलगी लक्षात राहायची.

तू लाजाळू आहेस हे मी नाकारत नाही. पण आपलं बोलणं समोरच्याला कसं वाटलं याबद्दलचा आपला अंदाज भरवशाचा नसतो. मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये यावर संशोधन प्रसिद्ध केलं. अनोळखी माणसांना आपसात बोलायला लावून नंतर त्यांना विचारलं, की तुम्हाला समोरचा किती आवडला आणि त्याला तुम्ही किती आवडलात असं वाटतं? लोकांनी स्वतःला सातत्याने कमी लेखलं. समोरच्याला ते स्वतःच्या अंदाजापेक्षा जास्त आवडले होते. त्याच्या आदल्या वर्षी हार्वर्डमधल्या कॅरेन हुआंग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं की संभाषणात प्रश्न विचारणारी माणसं, विशेषतः समोरच्याच्या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारणारी, लोकांना अधिक आवडतात. हे प्रयोग करिअर फेअरमध्ये झालेले नाहीत, त्यामुळे ते जसेच्या तसे इथे लावणार नाही. पण 'माझं बोलणं फसलं' असं वाटून तू हॉलमधून बाहेर पडशील, तेव्हा त्या निकालावर लगेच सही करू नकोस. आणि लक्षपूर्वक ऐकून नेमका पुढचा प्रश्न विचारणं हे कमी बोलणाऱ्यांना बऱ्याचदा चांगलं जमतं.

स्वतःला विकण्याची कल्पनाच सोडून दे. इंजिनिअरशी बोलायचं असेल तर कामाबद्दल बोल, आणि इथे तुझा तो न उभा राहिलेला रोबो तुझ्याकडची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. रिझ्युमेतून तो काढून टाकलास तर मला राग येईल.

दोन चाकांवर तोल सांभाळणारा रोबो म्हणजे उलटा लंबक. तो जात्याच अस्थिर असतो. सेन्सरकडून झुकाव मोजायचा, पीआयडी कंट्रोलरने, म्हणजे चूक किती आहे ते बघून ती सुधारत राहणाऱ्या प्रोग्रॅमने, मोटरला किती जोर लावायचा ते ठरवायचं, आणि हे सेकंदाला शंभर-दोनशे वेळा करत राहायचं. तो का पडतो याची कारणंही ठरलेली आहेत. वळण्याचा वेग मोजणाऱ्या जायरोस्कोपचा आकडा हळूहळू सरकत जातो आणि रोबोला आपण सरळ उभे आहोत असं उगाच वाटत राहतं. त्वरण मोजणारा ॲक्सिलरोमीटर मोटरच्या थरथरीने गोंधळतो. दोन्ही सेन्सरांची सांगड घालणारा फिल्टर नीट बसवला नाही तर कंट्रोलरला चुकीची किंवा उशिरा माहिती मिळते. स्वस्त गिअरमोटर घेतली असेल तर दात्यांमध्ये मोकळी जागा असते, ज्याला आपण बॅकलॅश म्हणतो. मोटरने दिशा बदलली तरी दाते पुन्हा एकमेकांना भिडेपर्यंत चाक हलत नाही. रोबो सरळ उभा असताना तर दिशा सारखीच बदलत असते, म्हणजे तोल नेमका जिथे सांभाळायचा तिथेच मोटरची पकड सुटते. अशा वेळी कंट्रोलरचा गेन, म्हणजे प्रतिसादाचा जोर, वाढवला की थरथर आणखी वाढते. तुझा रोबो यातल्या कशामुळे पडला? तुला ठाऊक असेल तर ते सांग. ठाऊक नसेल तर तुझ्याकडे तीन आठवडे आहेत. रोबो कपाटातून बाहेर काढ, चाक हाताने धरून मोटरचा दांडा किती अंश मोकळा फिरतो ते मोज, सेन्सरचे आकडे नोंदवून त्यांचा आलेख काढ. तो उभा राहायलाच हवा असं नाही. का पडतो, हे तुला सांगता आलं पाहिजे.

मग टेबलापाशी तू असं काही म्हणू शकशील: 'दोन चाकांचा रोबो केला. काही सेकंदांपलीकडे उभा राहत नव्हता. आधी वाटलं पीआयडीचे आकडे चुकलेत, बरेच दिवस तेच बदलत बसले. मग गिअरबॉक्समधला बॅकलॅश मोजला आणि लक्षात आलं की गडबड तिथे आहे. आता केला तर मोटर वेगळी निवडेन.' एवढंच. यात बढाई नाही, शरमही नाही. 'बॅकलॅश मोजला कसा?', 'वेगळी म्हणजे कोणती?' असे प्रश्न येणारच, आणि ते आले की समज, संभाषण सुरू झालं. सगळं सुरळीत चाललेला, बाजारातून किट आणून जोडलेला रोबो दाखवणाऱ्याला विचारण्यासारखं आमच्याकडे फारसं काही नसे. कारखान्यातलं रोजचं काम न चाललेल्या गोष्टींचंच असतं. एक पथ्य मात्र पाळ: प्रोजेक्ट चौघांचा असेल तर 'आम्ही' आणि 'मी' वेगळं ठेव. कोड मित्राने लिहिला असेल तर तसं सांग. अनुभवी माणूस दुसऱ्या प्रश्नातच ओळखतो.

सीजीपीए आणि राहिलेल्या विषयाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. काही कंपन्यांची किमान अट असते आणि त्या अटीपुढे गोड बोलून काही होत नाही. माझ्या मते ते सरळ विचारावं: 'तुमच्याकडे सीजीपीएची अट आहे का?' असेल आणि तू त्यात बसत नसशील, तर आभार मानून पुढच्या टेबलाकडे. सुटलेल्या विषयाबद्दल आपणहून सांगायची गरज नाही, कुणी विचारलं तर एका वाक्यात खरं सांगायचं. खोटं मात्र कुठेच लिहू नकोस. रुजू होताना गुणपत्रिका तपासतात, आणि कमी गुणांनी कदाचित एखादी जागा हुकेल, पण खोटेपणाने मिळालेली नोकरीही जाते.

तू गेल्या वर्षी कुठे उभी राहिलीस, हा मला त्याहून मोठा मुद्दा वाटतो. दोन मोठ्या नावांसमोर, सगळ्यात लांब रांगेत. नाव ओळखीचं असतं म्हणून सगळे तिथेच जातात, आणि पलीकडे चार टेबलांवर माणसं हातावर हात ठेवून बसलेली असतात. कारण त्यांची कंपनी जे बनवते ते दुकानात मिळत नाही. यंत्राच्या आतलं यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांची नावं विद्यार्थ्यांना ठाऊक नसतात. स्वीडनची एसकेएफ १९०७ पासून बेअरिंग बनवते. फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूच्या पोटात बेअरिंग असतं, पण ते कुणाचं आहे हे बघतो कोण?

याचं माझं आवडतं उदाहरण चिपचं. मोबाइलमधली चिप म्हटलं की मेकॅनिकलची मुलं 'ते इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं' म्हणून पुढे सरकतात. सगळ्यात प्रगत चिपवर नक्षी उमटवणारी यंत्रं नेदरलँड्समधली एएसएमएल ही कंपनी बनवते, १९८४ साली सुरू झालेली. त्या यंत्रात १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो. तो तयार करायला वितळलेल्या कथिलाच्या बारीक थेंबांवर सेकंदाला सुमारे ५०,००० वेळा लेझरचा मारा करतात. तो लेझर जर्मनीच्या ट्रुम्फचा. हा प्रकाश हवेत शोषला जातो, म्हणून त्याचा सगळा मार्ग निर्वात ठेवावा लागतो. काचेच्या भिंगातही शोषला जातो, म्हणून भिंगांऐवजी आरसे वापरतात, आणि ते झाइस ही जर्मन कंपनी बनवते. हे आरसेसुद्धा पडलेल्या प्रकाशातला बराचसा गिळतात आणि तापतात. तापलेला आरसा रेसभर फुगला तरी नक्षी बिघडते. आता तूच सांग, निर्वात पोकळी, कंपनं, उष्णतेमुळे होणारं प्रसरण, थेंबांचा प्रवाह, हे विषय कोणत्या ब्रांचचे? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात तू हेच शिकली आहेस. या तीन कंपन्या तुमच्या फेअरला येतील असं मी म्हणत नाही. मुद्दा असा की टेबलावरच्या फलकावर 'सेमीकंडक्टर', 'वैद्यकीय उपकरणं', 'पॅकेजिंग' असं काही दिसलं म्हणून ते आपलं नाही असं ठरवू नकोस. 'तुमच्याकडे मेकॅनिकलची माणसं काय काम करतात?' हा प्रश्न अशा ठिकाणी बिनधास्त विचार. तिथे रांग नसते, त्यामुळे उत्तरही निवांत मिळतं.

पदांच्या नावांचंही तसंच. सगळ्यांना 'डिझाइन' किंवा 'आर अँड डी' (संशोधन आणि विकास) हवं असतं. टेस्ट इंजिनिअर वस्तू मुद्दाम मोडेपर्यंत वापरून बघतो. ॲप्लिकेशन इंजिनिअर ग्राहकाच्या कारखान्यात आपलं यंत्र कसं बसेल ते ठरवतो. फील्ड सर्व्हिसवाला बंद पडलेलं यंत्र जागेवर जाऊन चालू करतो. प्रोसेस इंजिनिअर एकच वस्तू हजारो वेळा सारखी कशी निघेल यामागे लागतो. डिझाइनमधली काही फार चांगली माणसं आधी यातून गेलेली असतात, कारण वस्तू कुठे मोडते हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं. रोबो का पडला हे शोधण्यात तुला मजा आली असेल, तर टेस्टिंगचा विचार गांभीर्याने कर. हा माझा अंदाज आहे. पत्रावरून याहून जास्त सांगता येत नाही.

तर तयारी. येणाऱ्या कंपन्यांची यादी विद्यापीठ आधीच देतं. ती घे आणि पाच नावं निवड, फार तर सहा. त्यातली दोन तरी अशी असू देत, जी तू यापूर्वी ऐकलेली नाहीत. प्रत्येकाची वेबसाइट वीस मिनिटं वाच, आणि 'आमच्याबद्दल' हे पान सोडून त्यांची उत्पादनं आणि चालू जागा बघ. मग प्रत्येकासाठी दोन प्रश्न लिहून काढ. 'तुमची कंपनी काय करते?' हा प्रश्न नको, तो विचारला की आपण काहीच वाचलेलं नाही हे जाहीर होतं. पगाराचा प्रश्न रास्त आहे, पण त्याची जागा पुढे आहे. चांगला प्रश्न तो, ज्याचं उत्तर वेबसाइटवर नाही आणि समोरच्या माणसाला स्वतःच्या अनुभवातून देता येतं. नव्या इंजिनिअरला पहिले सहा महिने काय करावं लागतं? मागच्या इंटर्नने नेमकं काय काम केलं? कॉलेजमधून आलेल्यांना इथे सगळ्यात जड काय जातं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ड्रॉइंग वाचणं असेल, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) असेल किंवा नुसतं नीट ईमेल लिहिणं असेल. जे असेल ते टिपून घे. पुढच्या वर्षभरात काय शिकायचं हे तुला कुणीतरी फुकट सांगितलेलं असेल.

रिझ्युमे एका पानाचा असावा. मजकूर साध्या एका स्तंभात, पीडीएफमध्ये, आणि शब्द निवडून कॉपी करता येतील असा. नक्षीदार चौकटींतला मजकूर संगणक प्रणालीला पुष्कळदा नीट वाचता येत नाही. 'सॉलिडवर्क्स (डिझाइनचं सॉफ्टवेअर) ८० टक्के' अशा पट्ट्या काढून टाक. कशाचे ८० टक्के? त्याऐवजी त्यात काय बनवलंस ते लिही. छापील प्रती थोड्या जास्त ने.

फेअरच्या दिवशी मैत्रिणींसोबत हॉलपर्यंत जा, टेबलांपाशी मात्र एकटी. चौघी मिळून उभ्या राहिलात की एकच बोलते आणि बाकीच्या मान डोलावतात, आणि तुझ्या बाबतीत मान डोलावणारी कोण असेल हे मला सांगायला नको. सुरुवात सगळ्यात हव्या असलेल्या कंपनीपासून करू नकोस. पहिलं टेबल असं निवड जिथे बोलणं फसलं तरी हळहळ वाटणार नाही. तिथे आवाज मोकळा होतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या टेबलाला तुझी आवडती कंपनी. शेवटच्या तासात गर्दी ओसरते, तेव्हा गप्पा लांबतात, पण माणसं थकलेली असतात आणि काही जण आवराआवरही सुरू करतात, म्हणून महत्त्वाचं काही त्या वेळेवर ढकलू नकोस. हॉलमध्ये गोंगाट असतो, नेहमीपेक्षा मोठ्याने बोलावं लागेल. प्रत्येक टेबलानंतर बाजूला जाऊन नाव, काय बोलणं झालं आणि पुढे काय करायचं ते लगेच लिहून ठेव. तिसऱ्या टेबलापर्यंत पहिल्याचं नाव डोक्यातून गेलेलं असतं. पाच टेबलं झाली की घरी जा. संपूर्ण हॉल पालथा घालायची सक्ती कुणी केलेली नाही. कपडे स्वच्छ, नीटनेटके आणि ज्यात तू अवघडणार नाहीस असे. उसना कोट नको.

आता न जाण्याचा पर्याय, कारण तो मी आधीच मोडीत काढलेला नाही. यादी बघून खरोखर एकही कंपनी तुझ्या उपयोगाची वाटली नाही किंवा दुसऱ्या दिवशी परीक्षा असेल, तर जाऊ नकोस. तो वेळ जुन्या विद्यार्थ्यांना ईमेल लिहिण्यात घाल, किंवा ज्यांचा विषय तुला आवडला त्या प्राध्यापकांना प्रयोगशाळेत सुट्टीत काही काम आहे का ते विचार. विद्यार्थ्यांची रेसिंग कार किंवा ड्रोनची टीम असेल तर तिथे घालवलेलं एक सत्र दहा फेअरहून जास्त शिकवतं. 'घरी बसून अर्ज भरत राहणं' हा पर्याय मात्र मला या सगळ्यात दुबळा वाटतो, कारण त्यात समोरून काहीच कळत नाही. नकार आला तर का आला ते कळत नाही, आणि बऱ्याचदा नकारही येत नाही.

ग्रुपमधल्यांच्या इंटर्नशिपबद्दल एवढंच: त्या त्यांना कशा मिळाल्या ते एकेकाला विचार. कुणाला नातेवाइकांमुळे, कुणाला सीनियरमुळे, कुणाला खरंच अर्जातून मिळाली असेल. 'सगळ्यांना मिळाल्या' या वाक्यातलं 'सगळे' बहुधा थोडं आक्रसेल, आणि त्यातल्या एखाद्या वाटेने तुलाही जाता येईल.

फेअर संपल्यावरचं काम बहुतेक जण करतच नाहीत. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने असं मांडलं की नोकरीची बातमी जिवलग माणसांपेक्षा दूरच्या ओळखींकडून जास्त येते, कारण जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक वापरकर्त्यांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले, त्यातही मध्यम दूरच्या ओळखीच नोकरी बदलताना सर्वाधिक कामी आल्याचं दिसलं. टेबलापलीकडचा माणूस ही अशीच एक दूरची ओळख होऊ शकते, पण पाच मिनिटांच्या बोलण्याने ती आपोआप होत नाही.

म्हणून दोन दिवसांच्या आत ईमेल पाठव. चार ओळी पुरेत. 'नमस्कार, मंगळवारी फेअरमध्ये आपण तोल सांभाळणाऱ्या रोबोबद्दल बोललो. बॅकलॅश मोजायची जी पद्धत तुम्ही सुचवलीत ती करून पाहिली, सोबत आलेख जोडला आहे. तुम्ही सांगितलेल्या टेस्ट इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज भरला आहे. वेळ दिल्याबद्दल आभार.' नोकरी द्या असं लिहायची गरज नाही, ते त्यांना समजतं. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा विचार, त्यानंतर पिच्छा पुरवू नकोस. सहा महिन्यांनी रोबो उभा राहिला तर मात्र एक फोटो पाठवायला हरकत नाही. लिंक्डइनवर विनंती पाठवताना कुठे भेटलो ते लिही, नाहीतर तो तुला ओळखणार कसा?

आणि ईमेलच्या आधी अर्ज. संभाषण इतकं छान झालं की आता बोलावतीलच, या भरवशावर मुदत उलटू देणारी मुलं दरवर्षी असतात. आम्ही यादीत नाव शोधायचो आणि ते नसायचं. खूण केलेला कागद हातात असूनही आम्हाला पुढे काहीच करता यायचं नाही. फेअर दुपारी संपला तर त्याच संध्याकाळी अर्ज भरून टाक.